मंगळवारी सकाळी नऊ वाजता

अमेरिकेत नाटकाला गेलं की दारातच हातात एक छोटी पुस्तिका देतात. तिला ‘प्लेबिल’ म्हणतात. नाटक सुरू व्हायला अवकाश असतो, खुर्चीत बसल्या बसल्या लोक ती चाळतात. प्रत्येक नटाची चार-पाच ओळींत ओळख असते: आधीची कामं, आईवडिलांचे आभार आणि पुष्कळदा तो किंवा ती कुठे शिकली त्या कॉलेजचं नाव. सभागृहात कुठेतरी एक सोळा-सतरा वर्षांची मुलगी बसलेली असते. तिचं लक्ष नेमकं त्या शेवटच्या गोष्टीकडे असतं. ती मनाशी यादी करत असते.

तिच्यासाठी एक प्लेबिल उघडून बघू. ६ ऑगस्ट २०१५ रोजी न्यूयॉर्कच्या रिचर्ड रॉजर्स थिएटरमध्ये ‘हॅमिल्टन’ सुरू झालं. अलीकडच्या काळात इतकं गाजलेलं संगीत नाटक दुसरं नाही. त्यातला लेस्ली ओडम ज्युनिअर आणि त्यातली रेने एलिस गोल्ड्सबेरी हे दोघे पिट्सबर्गच्या कार्नेगी मेलन विद्यापीठाचे. फिलिपा सू न्यूयॉर्कच्या जुलिअर्डची. तिथे नाट्यविभाग नामांकित आहे, पण संगीत नाटकाची पदवी नाही. डावीद डिग्ज ब्राऊन विद्यापीठातला. अँथनी रामोस आणि ख्रिस्तोफर जॅक्सन अमेरिकन म्युझिकल अँड ड्रॅमॅटिक अकादमीतून आलेले. ज्याने हे सगळं लिहिलं, संगीत दिलं आणि मुख्य भूमिकाही केली, तो लिन-मॅन्युएल मिरांडा वेस्लियन विद्यापीठात साधा नाट्यशास्त्राचा विद्यार्थी होता. राजा तिसरा जॉर्ज झालेल्या जोनाथन ग्रॉफला कार्नेगी मेलनमध्ये प्रवेश मिळाला होता. त्याने तो एका दौऱ्यासाठी पुढे ढकलला आणि पुढे कॉलेजात कधी गेलाच नाही.

आठ माणसं, सहा वाटा. त्यातली एक तर कॉलेजला न जाण्याची.

म्हणून कॉलेजला काही अर्थ नाही, असं मी म्हणत नाही. माझं म्हणणं एवढंच की माजी विद्यार्थ्यांची यादी ही कॉलेज निवडायची सर्वांत सोपी आणि सर्वांत फसवी रीत आहे. हजारावर अर्जांतून जिथे वीस-बावीस मुलं निवडतात, तिथून नामवंत बाहेर पडणारच. पेटीत मुळात निवडक हापूस भरला असेल तर पेटीचं कौतुक किती करायचं? यादीवरून त्यांनी कुणाला घेतलं ते कळतं. घेतल्यावर काय केलं ते कळत नाही. ते कळायला दुसरा कागद लागतो, आणि तो चकचकीत माहितीपत्रकात सहसा नसतो: दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्याचं आठवड्याचं वेळापत्रक. मंगळवारी सकाळी नऊ वाजता ही मुलगी कुठे असेल? कुणासमोर उभी असेल? वर्गात आणखी किती जण असतील?

या प्रकरणात पुढे जे काही आहे ते सगळं त्या मंगळवारभोवती फिरतं.

आधी हे शिक्षण आलं कुठून ते पाहू, कारण त्याचं आजचं रूप त्यातूनच ठरलं. जुन्या अमेरिकन संगीत नाटकात गाणारे वेगळे आणि नाचणारे वेगळे असत. समूहात दोन तांडे: एक गळ्याचा, एक पायांचा. १९४३ च्या ‘ओक्लाहोमा!’मध्ये ॲग्नेस द मिलने नृत्याला कथानकात आणून बसवलं. पण त्यातल्या प्रसिद्ध स्वप्नदृश्यात नायक-नायिकेच्या जागी नर्तकच उभे राहिले. १९५७ च्या ‘वेस्ट साइड स्टोरी’त जेरोम रॉबिन्सने ही वाटणी मोडली. रस्त्यावरच्या टोळ्यांमधली पोरं नाचणार, गाणार आणि भांडणारही तीच. शिवाय तीन कामं एकाच माणसाने केली तर निर्मात्याचा दोन पगारांचा खर्च वाचतो, हा हिशेब होताच. ‘ट्रिपल थ्रेट’ हा शब्द या व्यवसायात आज जपासारखा म्हटला जातो: नट, गायक, नर्तक, तिन्ही एकात.

असा माणूस तयार कुठे करायचा? नाट्यशाळा होत्या. कार्नेगी मेलनने, तेव्हाच्या कार्नेगी टेकने, १९१४ मध्येच नाटकाची पदवी सुरू केली होती. संगीताच्या शाळा होत्या, पण त्यांना ऑपेरा प्रिय. नाटकातली गाणी म्हणजे हलकं काम. नृत्याची तिसरीच दुनिया. साठचं दशक संपता संपता सिनसिनाटी विद्यापीठाच्या कॉलेज-कॉन्झर्व्हेटरी ऑफ म्युझिकने तिन्ही एका छपराखाली आणली. संगीत नाटकाचा देशातला पहिला अभ्यासक्रम म्हणून त्याचंच नाव घेतलं जातं. पाहता पाहता इतर विद्यापीठांनी तो कित्ता गिरवला.

आपल्याला या गोष्टीचं फार नवल वाटायला नको. आपल्याकडे हे काम नाटक मंडळ्या करत होत्या. १८८० मध्ये अण्णासाहेब किर्लोस्करांनी पुण्यात ‘संगीत शाकुंतल’ रंगभूमीवर आणलं, त्यानंतरची पन्नास वर्षं मराठी गायकनट मंडळीच्या बिऱ्हाडातच घडला. सकाळी तालीम, दुपारी नक्कल पाठ, रात्री प्रयोग, आणि मुक्काम हलला की सामानाबरोबर शाळाही हलली. फरक एवढाच की मंडळी पोराला पोसायची. अमेरिकेतलं कॉलेज पोराच्या बापाकडून पैसे घेतं. त्या पैशांचा विषय पुढे येणारच आहे.

आता पदव्यांची भानगड. आपल्याकडे बीएफए म्हटलं की जे. जे. स्कूल, इझल आणि रंगांचा वास आठवतो. अमेरिकेत बीएफए संगीत नाटकातही मिळते, आणि तिचा अर्थ असा की अभ्यासाचा मोठा हिस्सा, ढोबळमानाने दोन-तृतीयांश किंवा त्याहून जास्त, गाणं-नाच-अभिनयात जातो. बीए घेतली तर प्रमाण जवळजवळ उलटं होतं: नाटक एक-तृतीयांशाच्या आसपास आणि उरलेल्या वेळात इतिहास, अर्थशास्त्र, हवं तर संगणक. तिसरी पदवी बीएम, म्हणजे बॅचलर ऑफ म्युझिक. ओहायोतलं बाल्डविन वॉलेस किंवा ओक्लाहोमा सिटी युनिव्हर्सिटी अशी काही ठिकाणं ती देतात. तिथे स्वरलेखन वाचता येणं, पियानोवर बोटं चालणं, श्रुतिज्ञान, संगीताचा इतिहास यांपासून सुटका नाही. नॉर्थवेस्टर्नची आणखी वेगळी तऱ्हा: पदवी नाट्यविभागाची, आणि संगीत नाटकाचं प्रमाणपत्र वेगळं मिळवायचं.

बीएफए म्हणजे खरी आणि बीए म्हणजे दुय्यम, हा समज विद्यार्थ्यांत घट्ट आहे. मला तो पटत नाही. ज्या मुलीला सोळाव्या वर्षी दुसरं काही सुचतच नाही, तिने खुशाल बीएफए घ्यावी. पण जिला नाटकाइतकाच जीवशास्त्राचाही नाद आहे, तिला बीएफएच्या वेळापत्रकात श्वास घ्यायला फट मिळणार नाही. सकाळी बॅले, दुपारी गायन, संध्याकाळी तालीम, रात्री अकरानंतर गृहपाठ. मिरांडाने ‘इन द हाइट्स’चा पहिला खर्डा वेस्लियनमध्ये दुसऱ्या वर्षाला असताना लिहिला आणि तिथेच विद्यार्थ्यांना घेऊन केला. लिहायला त्याला वेळ होता, ही बाब कुठल्याही माहितीपत्रकात छापून येत नाही.

निवड करायची म्हणतो खरं, पण आधी तिकडून निवड व्हावी लागते. ही प्रक्रिया ठाऊक नसलेल्या घराला ती एखाद्या लग्नघराइतकी दमवते. न्यू जर्सीतल्या एडिसनमधलं एखादं मराठी घर डोळ्यांसमोर आणा. मुलगी मंडळाच्या गणेशोत्सवात नाट्यगीत गाते, शाळेच्या नाटकात दोनदा मुख्य भूमिका केलेली, आणि बारावी सुरू होण्याआधीच्या उन्हाळ्यात ती जाहीर करते की मला हेच शिकायचंय. आई-वडिलांना इंजिनीअरिंगचा प्रवेश माहीत; तिथे गुण असतात, गुणांना दशांश असतात. इथे पहिली पायरी म्हणजे ‘प्रीस्क्रीन’. पुढे बोलवायचं की नाही हे ठरवण्यासाठी घरून पाठवायच्या चित्रफिती. कोऱ्या भिंतीसमोर उभं राहायचं, नाव सांगायचं आणि दोन गाणी म्हणायची: एक जुन्या वळणाचं, एक अलीकडचं, प्रत्येक मिनिट-दीड मिनिटाचं. एक स्वगत. नाचाचा एक तुकडा. काही कॉलेजं आणखी एक ‘वाइल्ड कार्ड’ मागतात. त्यात जगलिंग करा, सतार वाजवा, आजीची नक्कल करा, तुम्ही कोण आहात ते दिसू दे. पूर्वी प्रत्येक कॉलेजची मागणी निराळी असायची आणि मुलं तीच गाणी आठ वेगवेगळ्या लांबीत ध्वनिमुद्रित करत बसायची. आता पुष्कळ कॉलेजांनी मिळून एक सामाईक नमुना मान्य केला आहे, तेवढा त्रास वाचला.

प्रीस्क्रीन पार पडलं की जानेवारी-फेब्रुवारीत प्रत्यक्ष चाचणी, म्हणजे ऑडिशन. एकेका गावाला जाणं परवडत नाही म्हणून ‘युनिफाइड’ नावाचा मेळा भरतो. न्यूयॉर्क, शिकागो, लॉस एंजेलिस अशा शहरांत अनेक कॉलेजांचे शिक्षक एकाच वेळी ठाण मांडतात. शिकागोत वर्षानुवर्षं हा मेळा पामर हाउस या जुन्या हॉटेलात भरत आला. प्रत्येक मजल्यावर वेगळं कॉलेज, जिन्यात स्वर लावणाऱ्या मुली, लिफ्टमध्ये पाय ताणणारी मुलं आणि भिंतीला टेकून कोट सांभाळणारे पालक. करोनानंतर यातलं बरंच पडद्यावर गेलं, तरी प्रत्यक्ष मेळा अगदी बंद झालेला नाही.

खोलीत मिळतात जेमतेम पाच-दहा मिनिटं. पियानोवाल्यापुढे स्वरलिपीची वही ठेवायची, लय हळूच सांगायची आणि सोळा किंवा बत्तीस ‘बार’ गायचे. सोळा बार म्हणजे आपलं सोळा मात्रांचं आवर्तन नव्हे. साधारण अर्ध्या मिनिटाचा गाण्याचा तुकडा. नाट्यगीत वाढवणाऱ्या घराण्यात वाढलेल्या कानाला हा प्रकार क्रूर वाटतो. आलापी सुरू व्हायच्या आत ‘धन्यवाद’ ऐकू येतं.

एक गोष्ट मात्र मुलांना कुणीतरी बसवून सांगायला हवी, आणि सहसा सांगत नाहीत. समोरचे शिक्षक गुणानुक्रम लावत नसतात, ते एक संच जमवत असतात. चार वर्षं त्यांना याच वीस जणांतून नाटकं बसवायची आहेत. त्यांना दोन उंच खर्जाचे मुलगे हवेत, एक विनोदी अंगाची मुलगी, एक उत्तम टॅप नाचणारा. तुमच्यासारखा आवाज सकाळी दहालाच मिळून गेला असेल तर साडेअकराला तुम्ही कितीही गोड गा. मंडळीच्या मालकाने सहा सुभद्रा ठेवल्या नसत्या. नकार आला की मुलगी म्हणते, मी कमी पडले. पुष्कळदा ती फक्त सातवी आलेली असते.

त्यामुळे अर्ज पंधरा-वीस ठिकाणी करण्याची रीत पडली आहे. शिवाय पुष्कळ ठिकाणी दोन दारं असतात. एक विद्यापीठाचं, अभ्यासाच्या गुणांवर. दुसरं नाट्यविभागाचं, ऑडिशनवर. एकात होकार आणि दुसऱ्यात नकार हे नेहमीचंच. यादीत एक-दोन ठिकाणं अशी ठेवावीत जिथे ऑडिशनशिवाय नाट्यविभागात शिरता येतं आणि जिथे जायला मूल मनापासून तयार आहे. मनापासून हा शब्द महत्त्वाचा.

समजा मार्च संपता संपता तीन ठिकाणचे होकार हातात आले. आता पारडं फिरतं. उत्तर द्यायची मुदत बहुतेक ठिकाणी १ मे. चार-पाच महिने ज्यांच्यापुढे हात जोडले, त्यांना आता प्रश्न विचारायचे आहेत. नेमका याच घडीला घरोघर घोळ होतो. ज्याचं नाव मोठं त्याला हो म्हणून मोकळे होतात.

पहिला प्रश्न गळ्याचा. आठवड्याला खाजगी गायनाचे तास किती, तीस मिनिटांचे की साठ, आणि कुणाकडे? प्राध्यापकांकडे की पदव्युत्तर विद्यार्थ्याकडे? नाव मोठं असलेल्या ठिकाणी अर्धा तास आणि आडगावच्या ठिकाणी पूर्ण तास असं असू शकतं, आणि चार वर्षांत या फरकाचा गुणाकार होतो. अमेरिकन संगीत नाटकाला दोन-तीन गळे एकाच माणसात लागतात. ‘लेजिट’ म्हणजे शास्त्रीय वळणाचा, गोल, डोक्यात घुमणारा आवाज, जुन्या नाटकांसाठी. ‘बेल्ट’ म्हणजे बोलण्याच्या ठणठणीत आवाजालाच वर चढवत नेणं, ज्याच्यावर आजची बहुतेक नाटकं उभी आहेत. दोहोंचं मिश्रण ते ‘मिक्स’. बेल्ट चुकीचा शिकवला तर विशीच्या आत स्वरतंतूंना गाठी येऊ शकतात. आठवड्याला आठ प्रयोग करायचे असतात, तिथे बसलेला गळा म्हणजे बुडालेली नोकरी.

शिक्षकाचं वजन किती, याचं माझं आवडतं उदाहरण ओक्लाहोमा सिटीचं. न्यूयॉर्कपासून दीड हजार मैलांच्या आसपास, मैदानी मुलखातलं गाव. तिथल्या विद्यापीठात फ्लॉरेन्स बर्डवेल नावाच्या बाई अनेक दशकं गायन शिकवत होत्या. क्रिस्टिन चेनोवेथ आणि केली ओहारा या दोघी त्यांच्या शिष्या. २०१५ च्या टोनी पुरस्कारात संगीत नाटकातील प्रमुख अभिनेत्रीसाठी दोघींना एकाच वेळी नामांकन होतं. मिळाला ओहाराला, ‘द किंग अँड आय’साठी. एका बाईंच्या खोलीतून दोन अगदी वेगळ्या जातीचे आवाज तयार झाले. चेनोवेथचा आवाज टाचणीसारखा टोकदार, ओहाराचा रेशमासारखा. मी मघाशी यादीवर टीका केली आणि आता दोन नावं सांगतोय, हे खरं. पण इथे कॉलेजच्या नावापेक्षा बाईंचं नाव पुढे येतं, म्हणून सांगितली. ज्या शिक्षकासाठी जायचं, तो पुढची चार वर्षं तिथे असणार आहे का, हे विचारायला लाजू नये. लोक निवृत्त होतात, नोकऱ्या बदलतात, वर्षभराची रजा घेतात.

गळ्यावरून मला नेहमी भास्करबुवा बखले आठवतात. लहानपणी ते किर्लोस्कर मंडळीत गाणारे पोर होते. आवाज फुटला आणि मंडळीतली किंमत गेली. ते बडोद्याला फैज महंमद खाँसाहेबांकडे गेले, पुढे नत्थन खाँ, अल्लादियाँ खाँ, आणि गवई होऊन परतले. त्याच नाट्यसृष्टीत बालगंधर्व त्यांच्यापुढे शिकायला बसले, आणि १९१६ च्या ‘स्वयंवर’च्या चाली बुवांनी दिल्या. गोष्ट गोड वाटते कारण शेवट माहीत आहे. आवाज फुटल्यावर परत न आलेल्या पोरांची नावं कुणी लिहून ठेवली नाहीत.

अमेरिकन कॉलेजांत असं मधेच गाळण्याला ‘कट’ म्हणतात. काही ठिकाणी पहिल्या किंवा दुसऱ्या वर्षाच्या शेवटी परीक्षकांसमोर गावं लागतं आणि मग काही मुलांना अभ्यासक्रमातून काढतात. ही पद्धत आता बरीच कमी झाली आहे, पण नावं बदलून ती उरते: मूल्यमापन, सल्लामसलत, दुसऱ्या शाखेत जाण्याची सूचना. प्रश्न सरळ विचारावा: चार वर्षांपूर्वी तुम्ही किती जणांना घेतलं, आणि यंदा त्यातले किती पदवी घेतायत? बावीसपैकी एकवीस म्हणाले तर ठीक. बावीसपैकी चौदा म्हणाले तर उरलेल्या आठांचं काय झालं ते विचारावं. उत्तर द्यायला वेळ लागला तर तेही उत्तरच आहे.

दुसरा प्रश्न रंगमंचाचा. वर्षाला नाटकं किती होतात हे सगळे सांगतात. त्यांत पहिल्या-दुसऱ्या वर्षाच्या मुलांना घेतात का, चौथ्या वर्षाची तीच तीन मुलं प्रत्येक नाटकात असतात का, पदव्युत्तर विद्यार्थी भूमिका खाऊन टाकतात का, हे कुणी आपण होऊन सांगत नाही. काही कॉलेजं पहिलं वर्षभर मुलांना प्रयोगात उतरूच देत नाहीत. आधी पाया पक्का, मग भिंती. ते मला चुकीचं वाटत नाही, फक्त आधी ठाऊक हवं. मागच्या चार वर्षांच्या नाटकांची यादी आणि कोणी काय भूमिका केली हे पाहावं. आपल्या घरातल्या मुलीसाठी तर नक्कीच, कारण तिच्या रंगाच्या मुलांना तिथे नायिकेचं काम मिळतं की चार वर्षं मैत्रिणीचंच, ते त्या यादीत दिसतं. २००४ मध्ये ए. आर. रहमानचं संगीत असलेलं ‘बॉम्बे ड्रीम्स’ ब्रॉडवेवर आलं, तेव्हा त्यातला नायक मनू नारायण कार्नेगी मेलनचा पदवीधर होता. पण ‘बॉम्बे ड्रीम्स’ काही दर वर्षी येत नाही.

भूमिका न मिळण्यातूनही कधी कधी भलतंच निघतं. मिशिगन विद्यापीठात संगीत नाटकाच्या वर्गात बेंज पासेक आणि जस्टिन पॉल हे दोन मित्र होते. कॉलेजच्या नाटकात दोघांच्या वाट्याला किरकोळ कामं आली. चिडून म्हणा, रिकामा वेळ म्हणून म्हणा, त्यांनी स्वतःच गाणी लिहायला घेतली आणि २००५ मध्ये ‘एजेस’ नावाचा गीतसंच रंगमंचावर आणला. पुढे ‘डिअर इव्हान हॅन्सन’ त्यांचंच आणि ‘ला ला लँड’ची गीतंही त्यांची. त्यांच्या आधी कार्नेगीतल्या विद्यार्थ्यांच्या नाट्यमंडळात स्टीफन श्वार्ट्झने ‘पिपिन’चा पहिला अवतार केला होता, ‘गॉडस्पेल’ तर तिथल्याच जॉन-मायकेल टेबेलाकच्या प्रबंधाचं नाटक, १९७० मधलं. म्हणून मी विभागाच्या भव्य थिएटरपेक्षा आधी हे विचारीन: मुलांनी स्वतः काही करायचं म्हटलं तर रात्री दहानंतर खोली मिळते का? किल्ली कोणाकडे असते?

न्यूयॉर्कमध्ये शिकावं की बाहेर, यावर पोटतिडकीने वाद होतात. माझ्या मते त्यात फारसं काही नाही. न्यूयॉर्कला नाटकं बघायला मिळतात आणि घरभाडं भरायला नोकरी करावी लागते. ॲन आर्बरला, म्हणजे मिशिगन विद्यापीठाच्या गावी, किंवा सिनसिनाटीत काम, वर्ग आणि झोप यांखेरीज करण्यासारखं काही नसतं, जे विद्यार्थ्याच्या दृष्टीने वाईट नाही. खरा उपयोग उन्हाळ्याचा. सेंट लुईसच्या ‘म्युनी’सारखी उघड्यावरची प्रचंड नाट्यगृहं (तिथे सुमारे अकरा हजार प्रेक्षक बसतात) उन्हाळाभर एकामागून एक नाटकं थोड्या दिवसांच्या तालमीवर उभी करतात. कॉलेजची मुलं तिथे समूहात कामं मिळवतात आणि तीन महिन्यांत जे शिकतात ते वर्गात दोन वर्षांतही मिळत नाही. शेवटच्या वर्षी बहुतेक मोठी कॉलेजं न्यूयॉर्कला एजंट आणि कास्टिंगवाल्यांपुढे ‘शोकेस’ करतात. त्याचा बोलबाला फार आहे. प्रत्येकाच्या वाट्याला दीड-दोन मिनिटं येतात.

आता पैसे. न्यूयॉर्क युनिव्हर्सिटीसारख्या खाजगी ठिकाणी राहण्याखाण्यासकट वर्षाचा खर्च नव्वद हजार डॉलरच्या घरात जातो. सरकारी विद्यापीठात त्या राज्यातल्या मुलाला फी कमी, बाहेरच्याला कितीतरी जास्त. मिशिगनमध्ये हा फरक तिपटीच्या आसपास आहे. छापील किंमत आणि प्रत्यक्ष भरायची रक्कम यांत तफावत असते, म्हणून होकारपत्राबरोबरचं शिष्यवृत्तीचं पत्र नीट वाचावं: रक्कम चारही वर्षं मिळणार का, कोणत्या गुणांवर टिकणार, फी वाढली तर तीही वाढणार का. मदत म्हणून लिहिलेल्या रकमेत कर्ज मिसळलेलं असतं, ते वेगळं काढावं. बावीस वर्षांचा नट ऑडिशनसाठी दुपार मोकळी ठेवतो, संध्याकाळी हॉटेलात वाढपी होतो. त्याच्या डोक्यावर मोठं कर्ज असेल तर त्याला दुपारही विकावी लागते, आणि मग ऑडिशनला जातो कोण? कर्ज नसणं हीसुद्धा या व्यवसायातली एक तयारीच आहे, बॅलेइतकी.

कॉलेजची स्वतःची तब्येतही बघावी. फिलाडेल्फियाचं युनिव्हर्सिटी ऑफ द आर्ट्स, मुळं १८७६ पर्यंत जाणारी, संगीत नाटकाचा स्वतंत्र अभ्यासक्रम असलेली संस्था. ३१ मे २०२४ रोजी तिने जाहीर केलं की आपण बंद होतोय, आणि ७ जूनला ती बंद झाली. आठवडाभरात. हजाराहून जास्त विद्यार्थी, आणि नव्याने येणाऱ्या काहींनी तर महिनाभरापूर्वीच १ मेची मुदत पाळून प्रवेश पक्का केला होता. शेजारच्या विद्यापीठांनी पुष्कळांना सामावून घेतलं, तरी एक संच, एक गुरू, एक तालीम-खोली कुणी जशीच्या तशी उचलून देऊ शकत नाही. तेव्हा विद्यार्थिसंख्या घटत चालली आहे का, मान्यता देणाऱ्या संस्थेने काही ताकीद दिली आहे का, हे शोधायला एक संध्याकाळ घालवावी. वडिलांना काहीतरी काम हवंच असतं.

भारतातून थेट जाणाऱ्या मुलांसाठी हिशेब आणखी कडक. तिथल्या केंद्र सरकारची विद्यार्थी मदत परदेशी विद्यार्थ्यांना मिळत नाही. जे काही मिळायचं ते कॉलेजकडूनच. शिकून झाल्यावर विद्यार्थी व्हिसावर एक वर्ष काम करता येतं, विज्ञान-तंत्रज्ञानवाल्यांना मिळते ती वाढ नाटकवाल्यांना नाही. पुढे राहायचं तर असामान्य कलागुण दाखवणारा ओ-वन व्हिसा, आणि विशीतल्या नवख्या नटाने असामान्यपण कागदावर कसं सिद्ध करायचं हे एक निराळंच नाटक. ज्याला गाणारा नट व्हायचंय आणि मराठीत व्हायचंय, त्याने पुणे विद्यापीठाचं ललित कला केंद्र किंवा मुंबई विद्यापीठाची थिएटर आर्ट्स अकादमी आधी पाहून घ्यावी. बॅलेचा तास तिथे नाही. नाट्यगीत कसं उचलायचं, हे मात्र सिनसिनाटीत कुणी शिकवणार नाही.

एवढं सगळं झाल्यावर एप्रिलमध्ये उरलेल्या दोन-तीन कॉलेजांना प्रत्यक्ष जाऊन यावं. ठरलेली सहल असते, हसरी मुलं इमारत दाखवतात, ती करावी आणि विसरावी. मग कार्यालयात जाऊन विचारावं: दुसऱ्या वर्षाच्या वर्गात मागे बसू का? बहुतेक ठिकाणी बसू देतात.

मंगळवार असेल तर उत्तम. सकाळी नऊ, अर्धे जण जांभया देतायत, पियानोवर कुणाची तरी कॉफी. एक मुलगी गायला उभी राहते आणि वरच्या सुरावर तिचा आवाज चिरकतो. आपण तिच्याकडे बघायचं नाही. शिक्षकाकडे बघायचं: तो गाणं थांबवतो का, काय विचारतो, हसतो का, पुन्हा म्हणायला लावतो का, आणि दुसऱ्या खेपेला त्या सुरावर काही वेगळं होतं का. मग बाकीच्या वर्गाकडे. ते फोनकडे बघतायत की तिच्याकडे.